दाराजवळचा तुकडा

३ मार्च, रविवार

ही डायरी हिने आणून माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाली, "बोलत नाही तर लिहा तरी. घुम्यासारखे बसून असता, मला वेड लागायची पाळी आलीय." काय लिहू विचारलं तर म्हणे, काहीही लिहा, मी वाचणार नाही. वाचणार, मला माहीत आहे. वाच बाई.

आज लिहिण्यासारखं मात्र घडलंय. सूनबाई ठकीला घेऊन आली होती. जेवणं झाल्यावर नात अंगणात पळाली आणि सूनबाईने सांगून टाकलं. तिच्या बहिणीच्या गावी तिला नोकरी मिळतेय, बहिणीच्या शेजारीच घर मिळतंय. इथलं सगळं आवरून दोघींनी तिकडे यावं असं बहिणीचं म्हणणं. आणि बदक विकून टाकावं. बहिणीच्या नवऱ्याने गिऱ्हाईकही बघून ठेवलंय.

बदक म्हणजे आमच्या अंगणात उभी असलेली घरगाडी. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळा संसार. पोराने जुनी घेतली होती. पांढरी, बसकी, वळताना डुलते, म्हणून ठकीने बदक नाव ठेवलं. त्यांच्या इमारतीत जागा नाही म्हणून ती कायम आमच्याकडेच. सुट्टी मिळाली की तिघं तिच्यातून भटकायला जायची. गेल्या मे महिन्यात पोरगा गेला. कामावर, खुर्चीत बसल्या बसल्या. तेव्हापासून बदक जागचं हललेलं नाही.

"तुझं काय म्हणणं?" मी विचारलं.

"माझं ठरतच नाहीये, बाबा. ते इथे उभं आहे तोवर माझा पाय निघायचा नाही. आणि विकायचं म्हटलं की बहिणीला फोन लावते आणि वाजायच्या आत बंद करते."

मला तेवढंच हवं होतं. म्हणजे बदक राहिलं तर सूनबाई राहिली, ठकी राहिली, रविवार राहिला. पण त्या बदकाची कळा बघितली तर कुणीही म्हणेल, कशाला ठेवता हे धूड. म्हटलं, "विकायचं की ठेवायचं ते मागाहून बघ. आधी मी ते नव्यासारखं चकचकीत करतो."

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं."

ती जरा थांबून बरं म्हणाली. माझ्या वयाकडे बघून तिला खात्री वाटली नसावी.

४ मार्च, सोमवार

सकाळी बदकाची तपासणी केली. उन्हाने फायबरची पार वाट लावलीय. हात फिरवला की तळवा पांढरा, फळा पुसल्यासारखा. मूळचा रंग आत कुठेतरी असेल, वर नुसती पूड.

आयुष्यभर फरशीच्या कारखान्यात तपासनीस होतो मी. पट्ट्यावरून फरश्या यायच्या आणि मी बघायचो. रंगात केसभर फरक दिसला की फरशी बाजूला. लोक मागे खडूस म्हणायचे. म्हणोत बापडे. माझ्या नजरेखालून गेलेल्या खोक्यात एक फरशी कधी वेगळी निघाली नाही.

म्हणून तर बदकाच्या दाराजवळ माझं डोकं फिरतं. सगळी गाडी राखेसारखी आणि दाराच्या उजव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, मध्येच एक तुकडा लखलखीत. पोराने केलेला. जायच्या आधीच्या रविवारी आला होता एक डबा आणि फडकं घेऊन. "नमुना म्हणून एवढं करून बघतो, बाबा. जमलं तर बाकीचं पुढच्या रविवारी." पुढचा रविवार आलाच नाही. हात लांब करून पोचेल तेवढीच जागा. दारावर सावलीला ताणलेली ताडपत्री त्याच्यावर येते, म्हणून ऊन न लागता तशीच राहिली.

लहानपणापासून याचं हेच. पतंग अर्धा, पेटी शिकणं अर्धं, भिंत रंगवायला घ्यायची आणि खिडकीपर्यंत येऊन ब्रश ठेवून द्यायचा. आणि शेवटी सगळंच अर्ध्यावर टाकून गेला. खोटं कशाला लिहू, मला रडू येत नाही, राग येतो.

६ मार्च, बुधवार

रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार फार बोलका निघाला. आधी साबणाने धुवा, मग मशीनवर लोकरीची चकती लावून घासायची पेस्ट फिरवा, मग मऊ चकतीने पॉलिश, मग मेण. मेण पातळ लावायचं, धुरकट झालं की पुसायचं. उन्हात करू नका, पेस्ट वाळते आणि मशीन ओरखडे पाडतं.

"आणि काका, वरचा थर नखाइतका पातळ असतो. एका जागी फार वेळ मशीन धराल तर गेला म्हणून समजा. परत येत नाही तो."

मी म्हटलं, थर कशाला म्हणतात ते मला शिकवू नका, आयुष्य गेलंय त्यात. मशीन भाड्याने आणलं. हिने दारातच विचारलं, "हे पेलवणार का तुम्हाला?" पेलवेल म्हटलं. संध्याकाळी कळलं, पेलवताना नाकी नऊ येतात.

९ मार्च, शनिवार

कुंपणाकडची बाजू धुऊन घासून झाली. दाराच्या विरुद्ध बाजू, म्हणजे हात बसेपर्यंत चुका झाल्या तरी कुणाला दिसायला नको. आधी आडवं, मग उभं, प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्यावर. फरशीला झिलई देणारी माणसं असंच करायची. पोरगा लहान असताना सुट्टीत कारखान्यात यायचा, तेव्हा त्यालाही दाखवलं होतं. त्याचं लक्ष सगळं डब्यातल्या खाऊकडे.

पहिल्या फेरीला काहीच दिसत नाही, नुसता पांढरा चिखल. तो पुसला आणि खालून पांढरा रंग वर आला, दुधासारखा. मी एकटाच हसलो. किती महिन्यांनी, देव जाणे.

घरात गेलो तर ही किंचाळली. केसांवर, भुवयांवर, मिशीवर पूड. "आरशात बघा, एका दिवसात म्हातारे झालात." मी म्हटलं, तू जरा जवळ ये, दोघं म्हातारे होऊ. तीही हसली आणि मग लगेच पदर डोळ्यांना लावून आत गेली. आमच्याकडे हल्ली हसण्याचं असंच होतं.

१० मार्च, रविवार

सूनबाई आली. मी तिला हाताला धरून कुंपणाच्या बाजूला नेलं. छान झालंय म्हणाली, मनापासून म्हणाली. पण मिनिटभरात वळसा घालून दाराच्या बाजूला गेली आणि तिथेच उभी राहिली. एक तळवा त्या तुकड्यावर टेकवून. बराच वेळ. माझ्या मनात आलं, दोन्हीकडची चमक ताडून बघतेय. तिला कोण सांगणार की पोराच्या हाताला मशीन नव्हतं, तरी माझं काम त्याच्यापेक्षा कमी नाही ठरणार.

ठकीने त्या तुकड्याला नाक लावून चाळे चालवले होते. डोळे तिरळे, जीभ बाहेर, आपलंच रूप बघून खिदळणं. मी ओरडलो, डाग पाडू नकोस म्हणून.

"आईने सांगितलंय, इथे हात लावायचा नाही. मी हात कुठे लावला? नाकच लावलं."

आई स्वतः मात्र लावते. मोठ्यांचं असंच असतं. पण पोरीला स्वच्छतेचं वळण चांगलं लावलंय, हे कबूल करायला हवं.

निघताना सूनबाईने विचारलं, "दाराची बाजू कधी घेणार, बाबा?"

"सगळ्यात शेवटी. तिथे हात बसलेला हवा."

"हो, शेवटीच घ्या. तोवर मी काय ते ठरवते."

म्हणजे तिचा निर्णय दाराच्या बाजूवर अडकलाय. तिथलं काम असं झालं पाहिजे की बघताक्षणी तिच्या तोंडून निघावं, नको विकायला.

१३ मार्च, बुधवार

खांदा भरून आलाय. काम बंद. खिडकीत बसून होतो.

हिची एक गंमत लक्षात आली. कपडे वाळत घालायची दोरी मागच्या अंगाला आहे, पण ही बादली घेऊन पुढून जाते, बदकाला वळसा घालून. दाराशी पाऊल हळू करते, मग पुढे. रोजच करत असणार. विचारलं तर म्हणाली, "मोकळं वाटतं तिकडून." मोकळं कसलं, तिथे तर माझी शिडी आडवी पडलेली.

१६ मार्च, शनिवार

पुढचं तोंड आणि मागची बाजू झाली. कोपऱ्यांना मशीन जपून धरलं, रबराला चिकटपट्टी लावून घेतली. शेजारचे वकील कुंपणावरून डोकावून म्हणाले, "लग्नाला निघालंय की काय बदक?" बरं वाटलं.

जेवताना ही हळूच म्हणाली, "अहो, दाराजवळचं तेवढं सोडून करा."

मी घास तसाच ठेवला. "एक फरशी वेगळी दिसली तर अख्खं खोकं परत येतं. सोडून काय करा?"

"खोक्याचं नाही बोलत मी."

"मग?"

"काही नाही. जेवा."

तिला वाटत असावं, खांदा दुखतोय तर पोराने आधीच केलेल्या जागेवर परत कशाला राबायचं. जीव आहे माझ्यावर, बोलून दाखवत नाही इतकंच.

१७ मार्च, रविवार

सूनबाईच्या बहिणीचा नवरा आणि ते गिऱ्हाईक येऊन बदक बघून गेले. गिऱ्हाईक भला माणूस आहे, बायकोला घेऊन फिरायचंय म्हणे. मला तो मुळीच आवडला नाही. दाराच्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, "एवढं झालं की बोलू." सूनबाई खाली बघत होती.

ते गेल्यावर मी विचारलं, "काय ठरतंय?"

"आज येताना वाटत होतं, विकून मोकळं व्हावं. इथे आले, त्याच्याजवळ उभी राहिले आणि वाटलं, नाही जमायचं." मग म्हणाली, "बहिणीला कळवून टाकते बहुतेक. नाही येत म्हणून. पुढच्या रविवारी पक्कं सांगते, बाबा."

मला नाचावंसं वाटलं. नुसतं तीन बाजूंनी चमकलं तर एवढा फरक. चौथी बाजू झाली की प्रश्नच मिटला.

२२ मार्च, शुक्रवार

हिची धाकटी बहीण पडली, पाय मोडलाय. ही चार दिवस तिच्याकडे गेली. जाताना जेवणाच्या सूचना दिल्या, औषधांच्या दिल्या, आणि पायरीवर थांबून म्हणाली, "एकट्याने शिडीवर चढू नका. मी आल्यावर करू दाराचं. दोघं मिळून."

पण रविवार तोवर होऊन जाईल. सूनबाईने मन पक्कं करायच्या आत तिला सगळं तयार दिसलं पाहिजे. ही आली की तिलाही सुखद धक्का.

२३ मार्च, शनिवार

झालं. दाराची बाजू झाली. बोटं वळत नाहीयेत, तरी लिहितोय.

सकाळी सावली होती तोवर घासून घेतलं. आधी तो तुकडा सोडून सगळीकडे केलं. मग त्याच्याजवळ आलो. इतके महिने त्याच्याकडे रागानेच बघत होतो, आज चष्मा पुसून नीट तपासला, कारखान्यात तपासायचो तसा, नजर तिरपी करून. एक ओरखडा नाही. आधी आडवं, मग उभं. प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्यावर. फडक्याने, नुसत्या हाताने केलेलं हे. म्हणजे खाऊच्या डब्याआडून बघत होता तर. काही म्हणून विसरला नव्हता.

मी तिथे उभा राहून मोठ्याने म्हणालो, "पास." माझ्या पोराला मी आयुष्यात कधी पास म्हटलं नव्हतं. मग रडलो. पहिल्यांदाच. मशीनवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो.

मग काम पुढे न्यायलाच हवं होतं. भोवतालचं माझं घासणं आणि त्याचं घासणं यात एक कड दिसत होती. अगदी पुसट, पण दिसत होती. डोळ्यांत खुपायला लागली. म्हटलं, आपल्या दोघांचं काम आता एक होऊ दे. पेस्ट लावली आणि मशीन त्याच्यावरून नेलं, दोन आडव्या फेऱ्या, दोन उभ्या. मग अख्ख्या बाजूला मेण.

आता ती कड कुठे होती ते मलासुद्धा सांगता यायचं नाही. एकसारखं झालंय सगळं. आज झोप लागेल.

२४ मार्च, रविवार

सूनबाई फाटकातून आली, नेहमीसारखी सरळ दाराच्या बाजूला गेली. मी मागोमाग. तिच्या तोंडाकडेच बघत होतो.

तिने हात उचलला आणि तो हवेतच राहिला. मग तळवा टेकवला, जरा डावीकडे सरकवला, परत उजवीकडे. वाकून तिरपं बघितलं. दाराच्या मुठीपासून वीत टाकून मोजून बघितलं. परत बघितलं.

"बाबा, तो कुठे गेला?"

"काय?"

"त्याने केलेलं. त्याचा तुकडा."

मला अभिमान वाटला, इतका मी मूर्ख. म्हणालो, "ओळखता येत नाही ना? सगळं एक केलंय."

ठकी पुढे झाली. "मी शोधते, आई." तिने नाक लावलं. "इथे होता." मग पुढे सरकून पुन्हा नाक लावलं. "नाही, इथे." मग आणखी पुढे. अख्ख्या बाजूभर तिच्या नाकाचे ठसे उमटले, आणि प्रत्येक ठिकाणी तिचं तोंड सारखंच दिसत होतं. शेवटी ती रडायला लागली. "सगळीकडे मीच दिसते."

सूनबाई पायरीवर बसली. माझ्याकडे न बघता बोलली. "कपडे देऊन टाकले. फोन बंद झाला. उशीला वास होता, तोही गेला. हे तेवढं राहिलं होतं. घाम पुसत केलं होतं त्याने, मी इथेच चहा घेऊन उभी होते. रविवारी यायचे ते याच्यासाठी यायचे."

मी म्हणालो, "मला सांगायचंस ना, पोरी."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. शेवटी घेणार म्हणालात, मला वाटलं, तुम्हालाही तिथे हात लावायचा धीर होत नाहीये."

ती उठली, ठकीचं नाक पुसलं.

"छान झालीय गाडी, बाबा. खरंच. विकून टाकू आता."

"अगं, पण तू तर नाही म्हणून कळवणार होतीस."

"आता काय आहे इथे?"

तिने माझ्या हातावर हात ठेवला, तुमची चूक नाही म्हणाली, आणि निघाली. चूक नाही कशी? मीच केलं. पोराचा हात मीच घासून काढला, आणि वरून मेण लावलं.

२६ मार्च, मंगळवार

ही परत आली. फाटकातच तिला दिसलं. पिशवी हातातच राहिली. मी सगळं सांगितलं, ओरडेल म्हणून वाट बघितली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी सोडून करा म्हटलं होतं," एवढंच म्हणाली.

दुपारी कपडे वाळत घालायला मागच्या दाराने गेली.

२८ मार्च, गुरुवार

संध्याकाळचं तिरपं ऊन बदकावर येतं तेव्हा जाऊन बसतो. डोळे मिटून हात फिरवतो, कुठे काही जाणवतं का बघतो. आयुष्यभर केसभर फरक ओळखत आलो, त्याच्यावरच माझा मान होता. काही सापडत नाही. रंगवाल्याकडेही जाऊन आलो, काही करता येईल का विचारायला. काय करायचंय ते त्याला नीट सांगताच येईना. त्याने चहा मागवला. मी तो न पिताच उठून आलो.

३० मार्च, शनिवार

गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं. सूनबाई आली नाही, सामान बांधतेय. किल्ली तिने कालच माझ्याकडे आणून दिली होती. ही घरातून बाहेर पडली नाही.

सकाळी मी फडकं घेऊन ठकीच्या नाकाचे ठसे पुसायला गेलो होतो. पुसले नाहीत. फडकं घेऊन परत आलो.

माणूस गाडीभोवती फिरला, दाराच्या बाजूला थांबला, हात फिरवून बायकोला म्हणाला, "बघ, कुठे डाग नाही, एकसारखी आहे." मग मला विचारलं, "एवढी मेहनत कुणाकडून करून घेतलीत?"

"घरीच केली. आम्ही दोघांनी."

"दुसरे कोण?"

"मुलगा."

"वा. कुठली बाजू केली त्यांनी?"

मी दाराजवळ गेलो. हात उचलला, खांद्याच्या उंचीवर टेकवला, काढला, जरा पुढे सरकवून परत टेकवला.

"इथेच," मी म्हणालो. "इथेच कुठेतरी."

तो किल्लीसाठी हात पुढे करून उभा होता. मी दिली.